पदराआडची गांठ

आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत आणि शाळेबाहेरच्या परीक्षांच्या वर्गांत संस्कृत शिकविलें, आणि त्या छत्तीस वर्षांत 'स्तन' हा शब्द मुलांपुढें एकदांही उच्चारिला नाहीं. काम सोपें नव्हतें. संस्कृत काव्य उघडावें आणि चार पानें उलटतात न उलटतात तोंच तो शब्द समोर यावा, अशी त्या वाङ्मयाची रीत आहे. कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत तपश्चर्येस बसलेल्या पार्वतीच्या अंगावरून पहिल्या पावसाचे थेंब ओघळतात, तो प्रसिद्ध श्लोक आला कीं आम्ही घड्याळाकडे पाहत असूं आणि "हा घरीं वाचावा" असें सांगून पुढें जात असूं. मुलें तो घरीं अर्थातच वाचीत. बहुधा वर्षभरांत तेवढाच एक श्लोक तीं आपण होऊन वाचीत असत. अगदीं नाइलाज झाला तर 'वक्षःस्थल' म्हणावें, 'हृदय' म्हणावें, आणि खडू उचलून फळ्याकडे वळावें. हा शिष्टाचार आम्हांस पुष्कळ वर्षें सभ्यपणाचा वाटत आला. त्याची किंमत काय पडते हें दोन वर्षांपूर्वीं घरांतच समजलें.

आमचें बिऱ्हाड कळंबोलीस. वाईकडून इकडे आलों तेव्हां सिडकोच्या कांहीं इमारती, मागें ओलसर पडीक जमीन आणि पुढें लोखंडाचा बाजार एवढेंच गांव होतें. आतां तें पनवेल महानगरपालिकेंत मोडतें, आणि पुण्याचा द्रुतगति महामार्ग आमच्याच अंगणांतून निघाल्यासारखा येथून सुरू होतो. रात्रीं लोखंडी सळ्या भरलेले ट्रक वळतांना जो खणखणाट होतो त्याची इतकी संवय झाली आहे कीं वाहतुकीचा संप असला तर आम्हांस झोंप येत नाहीं. समोरासमोरच्या दोन घरांत आम्ही नऊ माणसें राहतों: आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडें. चूल एकच.

भाद्रपदाचे दिवस होते. थोरली सूनबाई त्रेचाळीस वर्षांची. ती एका शाळेंत गणित शिकविते. गौरींच्या आवाहनाच्या दिवशीं सकाळीं स्नान करतांना तिच्या हाताला डाव्या बाजूस एक गांठ लागली. तिनें तें कोणास सांगितलें नाहीं. गौरींना साड्या नेसविल्या, सोळा भाज्या केल्या, हळदीकुंकवास आलेल्या बायकांच्या ओट्या भरल्या, आणि तिसऱ्या दिवशीं विसर्जन होऊन स्वयंपाकाचा ओटा पुसून झाल्यावर सासूला सांगितलें. तीन दिवस म्हणजे कांहीं फार नव्हेत. पण आमच्या कुटुंबानें रात्रीं तें आम्हांस सांगितलें तेव्हां आम्हांस एकदम आत्या आठवली.

आमची आत्या बालपणींच विधवा होऊन माहेरीं परत आलेली. घरचें सोवळें, पापड-कुरडया, आम्हां मुलांचीं दुखणीं, सारें तिच्या हातीं. १९६७ च्या सुमारास, आम्ही नऊ-दहा वर्षांचे असतांना, तिनें आम्हांस जवळ घेऊन निजणें एकाएकीं बंद केलें. माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलींत ती एकटी निजूं लागली. पुढें पुढें त्या खोलींतून कापराचा वास येई, आणि त्या वासाखालीं दुसरा एक वास. विचारलें तर "आत्याला गळूं झालं आहे" एवढें उत्तर मिळे, आणि पुन्हा विचारलें तर पाठींत धपाटा. वैद्यास दाखविलें तें सोळा महिन्यांनीं, आणि तेंही पदराआडून. त्यांनीं नाडी पाहिली व लेप दिला. ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली. तींत जुनीं लुगडीं फाडून केलेल्या, धुऊन नीट घड्या घातलेल्या पट्ट्यांचा एक सबंध थर निघाला. आमची आई तो पाहून मटकन् खालीं बसली. सोळा महिने ती बाई पहांटे सर्वांच्या आधीं उठून त्या पट्ट्या एकटीच धूत होती, आणि सात माणसांच्या घरांत तें कोणास ठाऊक नव्हतें. किंवा ठाऊक असून कोणी बोललें नव्हतें. यांतलें खरें कोणतें हें विचारण्यासारखें आतां कोणी उरलें नाहीं.

मुंबईंत १९९८ पासून टाटा रुग्णालयाच्या वैद्यांनीं एक मोठा प्रयोग केला. वस्त्यांतून राहणाऱ्या दीड लाखांवर बायका निवडल्या, आणि त्यांपैकीं अर्ध्यांच्या घराजवळ जाऊन प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं नुसत्या हातानें स्तन तपासले. यंत्र नाहीं, कांहीं नाहीं. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं कमी झाले होते. आम्हीं हें वाचलें तेव्हां कापराचा वास पुन्हा नाकांत आला.

असो. सूनबाईच्या तपासण्या झाल्या. सुईनें गांठीचा कण काढून पाहिला, तो कर्करोग निघाला. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनींही या रोगास खेकड्याचेंच नांव दिलें होतें. आपल्या सुश्रुतानें अशा वाढीस 'अर्बुद' म्हटलें. शब्दांची ही उठाठेव आम्ही त्या दिवसांत मनांतल्या मनांत करीत बसूं. भीति वाटली म्हणजे शब्दांच्या आड जाऊन उभें राहावें ही मास्तराची जुनी खोड. घरांत बाकीच्यांनीं इंग्रजीचा आसरा घेतला. जो तो 'ब्रेस्ट' म्हणूं लागला. आत्याच्या वेळीं लुगड्याचा पदर होता, आतां इंग्रजी शब्दाचा, इतकाच काय तो फरक.

उपचार कोठें झाले तें सांगण्याचें कारण नाहीं. पण कळंबोलीकरांस या बाबतींत दैव अनुकूल आहे हें खरें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. त्याच संस्थेचें संशोधन व उपचारांचें मोठें केंद्र आमच्यापासून रिक्षेच्या अंतरावर खारघरास आहे. पूर्वींच्या काळीं गांवाकडच्या माणसाला या रोगाचें निदान होणें आणि मुंबईंत राहण्याची सोय पाहणें हीं दोन संकटें एकदमच येत. आमच्या वांट्यास एकच आलें.

शस्त्रक्रियेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. बाल्टिमोरच्या हाल्स्टेड नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८९० नंतर जी पद्धति रूढ केली, तींत सबंध स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि काखेंतील गांठी हें सर्व एकदम काढीत. पाऊणशें वर्षें जगभर तीच चालली. पुढें मिलानचे व्हेरोनेसी आणि अमेरिकेंतले फिशर यांनीं शेंकडों बायकांची वर्षानुवर्षें तुलना करून दाखविलें कीं रोग लवकर सांपडला असेल, तर गांठ आणि तिच्याभोंवतालचा थोडा भाग काढून मागाहून किरणोपचार दिल्यानें आयुष्य तितकेंच मिळतें. दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ सालीं एकाच वेळीं प्रसिद्ध झाले. तेव्हां आज प्रत्येक बाईचा सबंध स्तन काढावाच लागतो ही समजूत चुकीची आहे. सूनबाईच्या बाबतींत मात्र एकाऐवजीं दोन गांठी निघाल्या, त्याही एकमेकींपासून दूर, आणि दिवाळीच्या आधीं डावा स्तन काढावा लागला. त्यानंतर औषधांचे डोस, केंस जाणें, तोंडाची चव जाणें, मग किरणोपचार. हें सारें ज्या घरांत झालें आहे त्यांना सांगण्याची गरज नाहीं, आणि ज्यांच्या घरांत झालेलें नाहीं त्यांना सांगून कळत नाहीं.

फाल्गुनांत तिचे केंस पुन्हा येऊं लागले, आणि एके दिवशीं तिनें रुग्णालयांतून एक कागद आणला. काढलेल्या स्तनाच्या जागीं नवा घडवितां येतो, त्याचे प्रकार त्यावर चित्रांसह दिले होते. जेवतांना तो कागद ताटांमधून फिरला. आम्हीं तो चष्मा नाहीं या सबबीवर पुढें सरकविला. रात्रीं गॅलरींत चिरंजीवास आम्ही म्हणालों, "जीव वाचला हेंच पुष्कळ झालं. दोन मुलांची आई. आतां हा नखरा कशाला?" गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्यें नुसतें जाळीचें दार आहे, हें वाक्य संपल्यावर लक्षांत आलें.

पुढें चार दिवस चहा वेळेवर आला. साखर बरोबर, पेलाही नेहमींचाच. फक्त "नाना, चहा" हे दोन शब्द त्याच्याबरोबर आले नाहींत.

पांचव्या दिवशीं कुटुंबानें आमची कवळी पाण्याच्या वाटीसकट आणून आमच्यापुढें ठेविली. "ही कशाला बसवून घेतलीत? मऊ भात नि वरण मी घालतच होतें कीं." आम्ही म्हणालों, "अगं, दांतांशिवाय दंत्य वर्णांचा उच्चार होत नाहीं. त-थ-द-ध म्हणायचे कसे?" ती म्हणाली, "हं. म्हणजे तुमचा तो उच्चार, आणि तिचा तो नखरा." एवढें बोलून ती दळण आणावयास निघून गेली. आमच्या पदरीं संस्कृताचा एवढा संग्रह, पण या वाक्याला उत्तर त्यांत सांपडलें नाहीं.

तेव्हां आम्हीं पुस्तकें काढलीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतला सोळावा अध्याय आम्हीं पाठशाळेंत असतांना वरवर पाहिलेला होता. तुटलेल्या कानाच्या पाळीचे आणि कापलेल्या नाकाचे संधान कसें करावें तें त्यांत आहे. झाडाचें पान नाकाच्या मापाचें कापून घ्यावें, त्या मापाचें मांस गालावरून सोडवावें, पण एका टोंकाला जोडलेलें ठेवावें, नाकाचा थोटका ताजा खरवडून त्यावर तें बसवावें, आणि श्वास चालावा म्हणून दोन नळ्या घालाव्या. जोडलेलें टोंक हेंच सारें मर्म. त्यांतून रक्त येत राहिलें तरच नवें मांस जगतें. या अध्यायांत कोठेंही 'नाक गेलें तर गेलें, जीव तर वाचला' असें लिहिलेलें नाहीं. त्या काळीं नाक कापणें ही शिक्षा होती, बेअब्रू होती. ती बेअब्रू अंगावर घेऊन माणसानें जगूं नये असें शस्त्रवैद्यास वाटलें, आणि त्यानें पान हातांत घेतलें.

दुसरी गोष्ट आपल्या पुण्याची. इंग्रज आणि टिपू यांच्या १७९२ च्या लढाईंत कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या बाजूनें बैल हांकीत होता. तो टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक आणि एक हात तोडण्यांत आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नाक करून दिलें. त्यानें मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाचा आकार केला, तो चेपून कपाळावर ठेवला, भोंवतीं रेघ ओढली, तेवढी कातडी सोडविली आणि दोन्ही डोळ्यांच्या मध्यें एक पट्टी जोडलेली ठेवून ती खालीं वळविली. कातांत भिजविलेल्या फडक्याच्या पट्ट्या वर चिकटविल्या. सुमारें पंचविसाव्या दिवशीं मधली पट्टी कापली. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, हें सर्व पाहत होते. त्याची हकीकत चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापून आली. ती वाचून कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनांत तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. विलायतेंत त्या पद्धतीस अजूनही 'इंडियन' म्हणतात. ज्याच्या हातून हें झालें त्या कारागिराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं. संहितेंतली विद्या पाठशाळेंत पाठ होत राहिली आणि हातांतली विद्या विटा पाडणाऱ्याकडे राहिली, हें आम्हां पाठशाळेवाल्यांस फारसें भूषणावह नाहीं. पुढें याच पुण्याजवळच्या कोंढव्यास डॉक्टर अंटिया यांनीं कुष्ठरोग्यांचीं बसलेलीं नाकें आणि वळलेलीं बोटें दुरुस्त करण्याचें काम १९५० नंतर केलें. नाक बसलेलें असलें कीं रोग बरा होऊनही गांव त्या माणसाला परत घेत नसे.

हें सारें वाचून आमचें मत पालटलें, आणि मास्तराचें मत पालटलें म्हणजे तो लगेच दुसऱ्याला शिकवूं पाहतो. मार्चअखेरच्या हिशेबांमुळें चिरंजीवास रजा मिळेना. आम्हीं सूनबाईस विचारलें, "मी येऊं का बरोबर?" तिनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "या, नाना." त्या 'नाना'साठीं आम्ही दिल्लीपर्यंतही गेलों असतों.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मराठी स्वच्छ बोलत होत्या, आणि त्या 'स्तन' असेंच म्हणत. पहिल्या पांच मिनिटांत तो शब्द आमच्या कानांवर दहा-बारा वेळां आला आणि कांहींही कोसळलें नाहीं. त्यांनीं कागदावर रेघा ओढून समजाविलें तें असें. एक मार्ग सिलिकोनच्या पिशवीचा. ही पिशवी प्रथम १९६२ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें बसविली. त्याआधीं बहुधा एक फुगा कातडीखालीं घालून तो थोडा थोडा भरीत नेतात, म्हणजे कातडी सैल होते. शस्त्रक्रिया लहान, पण पिशवी जन्मभर टिकेल असें नाहीं, ती पुढेंमागें बदलावी लागते, आणि किरणोपचार झालेल्या जागीं तिच्याभोंवतीं घट्ट कवच धरून दुखण्याचा संभव अधिक. खरबरीत पृष्ठभागाच्या कांहीं पिशव्यांमुळें एका विरळा प्रकारचा कर्करोग होतो असें आढळल्यावरून २०१९ सालीं एका मोठ्या कंपनीच्या तसल्या पिशव्या जगभरांतून परत घेण्यांत आल्या. दुसरा मार्ग स्वतःच्याच अंगाच्या मांसाचा. पाठीवरचा रुंद स्नायु कातडीसह पुढें वळवून आणावयाचा. ही युक्ति इटलीच्या टान्सिनी यांनीं १९०६ सालीं सांगितली, मग ती साठ-सत्तर वर्षें विसरली गेली होती. किंवा ओटीपोटाची कातडी व चरबी घेऊन तिच्या बारीक रक्तवाहिन्या छातीच्या रक्तवाहिन्यांस सूक्ष्मदर्शकाखालीं शिवावयाच्या. ही शस्त्रक्रिया सहा-आठ तासांची, पोटावर आडवा व्रण राहतो, मधुमेह किंवा तंबाखू असेल तर जखम भरण्यास त्रास. पण जें होतें तें आपलेंच मांस, माणूस जाड झालें तर तेंही जाड होतें.

आम्हीं विचारलें, "म्हणजे पान आणि जोडलेलें टोंक, सुश्रुताचेंच." बाई हंसल्या. "होय. फक्त आतां टोंक तोडून दुसरीकडे जोडतां येतं."

त्यांनीं आणखी एक गोष्ट आपण होऊन सांगितली, आणि तिच्यामुळें आमचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्या म्हणाल्या, "आकार येईल. स्पर्श पूर्वींसारखा कळणार नाहीं. एका शस्त्रक्रियेंत काम होईल असं धरूं नका. उजवी बाजू जुळवायची, टोंक करायचं, दोन-तीनदां यावं लागतं. रोग उलटण्याशीं याचा संबंध नाहीं. यानं वाढत नाहीं, कमीही होत नाहीं. हें फक्त त्यांना हवं असेल तर. आज, वर्षानं, पांच वर्षांनीं, केव्हांही." 'त्यांना' म्हणतांना त्यांनीं सूनबाईकडे पाहिलें. आम्ही मान हलवीत होतों ती थांबविली.

बाहेर बांकावर उलव्याकडची एक बाई बसली होती, मासळी विकणारी. तिचें पोटाच्या मांसाचें काम वर्षापूर्वीं झालें होतें. सूनबाईनें संकोचानें विचारलें, तर ती मोठ्यानें म्हणाली, "पोटही उतरलं, छातीही भरली, बाय! टोपली डोक्यावर घेतली का दोन्ही हात वर जातात. मग लोक बघणारच. आतां बघा म्हणावं." तिचा सारा धंदा दोन्ही हात वर करण्याचा. तिच्यापुढें 'नखरा' हा शब्द उच्चारण्याची आमची छाती झाली नसती.

येथें एक भेद सांगून ठेवतों. निरोगी अंगाचा आकार वाढविण्याच्या ज्या शस्त्रक्रियांच्या जाहिराती हमरस्त्याच्या फलकांवर दिसतात, त्यांची वकिली आम्हीं येथें चालविलेली नाहीं. वीस वर्षांच्या मुलीनें फलक पाहून कर्ज काढावें आणि पिशवीचा पुढचा खर्च कोणीं तिला सांगूं नये, हें आम्हांस पसंत नाहीं. पण तेथेंही सरसकट नाक मुरडूं नये. अति भारानें मान-पाठ दुखणाऱ्या बायकांचा भार कमी करणारी शस्त्रक्रिया हें दुःखनिवारणच होय. ज्यानें करावयाची तो प्लास्टिक सर्जरीची पदवी घेतलेला आहे ना, एवढें तरी पाहावें.

हा भेद विमा कंपनीस समजावतांना मात्र आमचा कस लागला. रुग्णालयामार्फत आगाऊ मंजुरी मागितली, तों उत्तर आलें: ही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे, नियमाप्रमाणें खर्च मिळणार नाहीं. चिरंजीव म्हणाले, जाऊं द्या. आम्हीं पॉलिसीची पुस्तिका मागविली आणि भिंग घेऊन बसलों. इंग्रजी आमचें मॅट्रिकपुरतें, तेंही १९७४ चें; पण वाक्य कोणत्याही भाषेंतलें असो, त्याचा अन्वय लावणें हा आमचा धंदा. त्या कलमांत लिहिलें होतें कीं सौंदर्यासाठीं किंवा रूप बदलण्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाहीं. आणि त्याच वाक्यांत पुढें, अपघात, भाजणें किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वगळून. हें वाक्य एकट्या त्या कंपनीचें नव्हे. विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं सर्वच आरोग्य-विम्यांसाठीं ठरवून दिलेली ती शब्दयोजना आहे. कंपनीच्या माणसानें वाक्य अर्ध्यावर वाचून पेन उचललें होतें. व्याकरणांत सामान्य नियमास उत्सर्ग म्हणतात आणि विशेषास अपवाद, व अपवाद असेल तेथें उत्सर्ग मागें सरतो, हें पाठशाळेंतला बारा वर्षांचा मुलगाही सांगेल. आम्हीं पत्र लिहिलें. पाणिनीचें नांव काढलें नाहीं. कलमाचा पुढचा अर्धा भाग तेवढा लाल शाईनें अधोरेखित करून पाठविला, शस्त्रक्रियेच्या कागदांची प्रत जोडली, आणि उत्तर न आल्यास लोकपालाकडे जाऊं असें शेवटीं लिहिलें. तीन आठवड्यांनीं मंजुरीचें पत्र आलें.

तें पत्र घेऊन आम्ही स्वयंपाकघरांत गेलों. छत्तीस वर्षांत एखाद्या मुलाचा निकाल सांगतांना आम्हांस इतका आनंद झाला नसेल. सूनबाई कणीक मळीत होती. आम्हीं पत्र वाचून दाखविलें, सुश्रुत सांगितला, कावसजी पुन्हा एकदां सांगितला, पंचविसाव्या दिवसापर्यंत आलों. ती ऐकत होती. मग हात न थांबवितां म्हणाली, "नाना, मला नको आहे तें."

आम्ही गप्प झालों. ती म्हणाली, "आठ तास टेबलावर, पुन्हा रजा, पुन्हा सहा आठवडे कोणीतरी माझी वेणी घालायची. एवढं मला नको. मी आरशांत पाहिलं. पहिल्यांदा पाहवलं नाहीं, आतां पाहवतं. पुढं वाटलं तर करीन."

"मग हें पत्र? मी तीन आठवडे..."

"तें हवंच होतं," ती म्हणाली. "नको म्हणायचं तें मी म्हणायचं. कंपनीनं नाहीं." आणि थोडें थांबून, कणकेकडे पाहत, "आणि तुम्हींही नाहीं."

जाळीच्या दाराविषयीं आमच्यांत झालेलें बोलणें एवढेंच. पत्र तिनें कपाटांत, आपल्या पदवीच्या कागदांबरोबर ठेवलें आहे.

एका बाजूचें वजन गेलें म्हणजे खांदा नकळत वर ओढला जातो, मान दुखूं लागते; म्हणून तेवढ्या वजनाचें कांहीं आंत वापरावें असें व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं सांगितलें होतें. बाजारांत सिलिकोनचे साचे मिळतात. सूनबाईनें एक आणला, पण कळंबोलीच्या वैशाखांत त्याखालीं घाम साचून अंगावर पुरळ उठलें. तेव्हां आमच्या कुटुंबानें जुन्या मऊ धोतराची गोल पिशवी शिवली. कापूस भरला तर हलकी, वाळू भरली तर जड. शेवटीं तान्ह्या मुलांच्या उशीला घालतात ती मोहरी तिनें काढली आणि कापसाच्या मध्यें दोन मुठी घातली. स्वयंपाकघरांतल्या काट्यावर वजन करून तिनें तीन वेळां मोहरी कमी-जास्त केली. अशा चार पिशव्या आहेत. धुऊन त्या गॅलरींत, सर्वांच्या कपड्यांबरोबर, दोरीवर वाळत घालतात.

गेल्या आठवड्यांत धाकट्या मुलाची आठ वर्षांची मुलगी जेवतांना एकाएकीं म्हणाली, "काकू, ती मोहरीची उशी कुणाची? आपल्याकडं तर बाळ नाहीं."

पानांवरचे हात थांबले. धाकट्या सूनबाईनें मुलीकडे डोळे वटारले. चिरंजीव पाण्याचा पेला शोधूं लागले. थोरली म्हणाली, "माझी आहे. मला डाव्या स्तनाला कर्करोग झाला होता, तो डॉक्टरांनीं काढला. त्या जागी मी ती घालतें."

"दुखतं?"

"आतां नाहीं."

मुलीनें थोडा विचार केला, आणि "मला धिरडं अजून हवंय," म्हणाली. धिरड्यांची ताटली आमच्याजवळ होती. आम्हीं ती पुढें केली.